पट्टीचे मेसेज वाटेत का तुटत होते : न थांबणाऱ्या मेनचं एक प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डातलं एक अडत दुकान. हळद आणि बेदाणा हा मुख्य व्यवहार. सौदा निघाला, काट्यावर वजन झालं की शेतकऱ्याची पट्टी तयार होते: माल किती, दर काय निघाला, हमाली-तोलाई किती गेली आणि हातात किती येणार. यार्डात हजर असलेल्याला ती कागदावर मिळते. पण जत, कवठेमहांकाळ, आटपाडी किंवा सीमेपलीकडच्या विजापूर भागातून टेम्पोत माल घालून देणारा माणूस प्रत्येक सौद्याला येत नाही. त्याच्यासाठी दुकान रात्री मेसेज पाठवतं. घरात उरलेली हळद आत्ता काढायची की थांबायचं, हे तो त्या मेसेजातला दर बघून ठरवतो. म्हणून हा मेसेज त्याच रात्री पोचणं महत्त्वाचं.

फेब्रुवारीत हळदीची आवक वाढली आणि मेसेज उशिरा जायला लागले. दुकानाच्या दिवाणजींचा मला फोन आला तो असा: "सर, पट्टी सोमवारची आणि मेसेज बुधवारी. शेतकरी फोन करून दर विचारतोय, पैसे घेऊन जातोय, आणि त्यानंतर त्याला मेसेज येतोय." त्यांची दुसरी तक्रार जास्त गंभीर होती. काही शेतकऱ्यांना एकच मेसेज दोनदा येत होता. जत तालुक्यातल्या एकाने दुसरा मेसेज म्हणजे दुसरी पट्टी असं समजून फोन केला: "अण्णा, राहिलेली पोतीबी त्याच दरानं गेली व्हय?" राहिलेली पोती तर अजून सौद्यात लावलेलीच नव्हती. पैशाच्या व्यवहारात असा घोळ झाला की दुकानाचा शब्द पातळ होतो, आणि यार्डात माणूस शब्दावरच माल आणून टाकतो.

व्यवस्था अशी होती. बिलिंगचं सॉफ्टवेअर सी शार्पमधलं, डॉट नेट फ्रेमवर्कवर चालणारं, मागे एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा फुकट मिळणारा डेटाबेस. मेसेजसाठी वेगळा छोटा कन्सोल प्रोग्राम, म्हणजे काळ्या खिडकीत चालणारा. विंडोजचा टास्क शेड्युलर तो रोज रात्री ९ वाजता चालवायचा. तो प्रोग्राम डेटाबेसमधून न पाठवलेल्या पट्ट्या क्रमांकाप्रमाणे उचलायचा, एकेका पट्टीसाठी मेसेज कंपनीच्या सर्व्हरला विनंती करायचा आणि उत्तर आलं की त्या ओळीत पाठवल्याची वेळ नोंदवायचा. त्याच प्रोग्रामला आणखी एक काम दिलेलं होतं: डेटाबेसचा रोजचा बॅकअप. एक्सप्रेस आवृत्तीत ठरल्या वेळी कामं चालवणारा एजंट मिळत नाही, म्हणून लहान दुकानांत बॅकअप असाच कुठल्यातरी रात्रीच्या प्रोग्रामच्या गळ्यात पडतो. इथे तो बाहेरच्या यूएसबी डिस्कवर जायचा.

आधीचा प्रोग्राम जुन्या पद्धतीचा होता, एक ओळ संपल्यावर पुढची. तो मिरजेच्या एका तरुण प्रोग्रामरने नव्याने लिहिला आणि त्यात असिंक-अवेट आणलं, म्हणजे उत्तराची वाट बघताना प्रोग्राम अडवून न ठेवण्याची पद्धत. मुलगा हुशार आहे आणि त्याचा कोड वाचायला स्वच्छ आहे. त्याचं मूळ शिक्षण जावास्क्रिप्टवर, नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी व्यवस्था) झालेलं. ही गोष्ट पुढे कामाला येते.

सगळ्यांचा पहिला संशय मेसेज कंपनीवर गेला. त्याला कारणही होतं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनंतर व्यावसायिक मेसेजचा मसुदा आधी नोंदवावा लागतो, आणि मसुद्याशी जुळत नसलेला मेसेज वाटेत अडतो. शिवाय मराठी मेसेज युनिकोडमध्ये जातो, त्यामुळे एका मेसेजात १६० नव्हे तर ७० अक्षरं बसतात, आणि मेसेज लांबला की प्रत्येक तुकड्यात ६७. पट्टीचा मजकूर दोन-तीन तुकड्यांत जायचा. एखादा तुकडा अडकत असेल, असा दिवाणजींचा अंदाज. पण कंपनीच्या पोर्टलवरचा अहवाल काढला तेव्हा चित्र उलटं निघालं. त्यांच्याकडे आलेली प्रत्येक विनंती काही सेकंदांत पोचती झालेली होती. सोमवारच्या ज्या पट्टीचा मेसेज बुधवारी गेला, तिची विनंतीच मुळी बुधवारी आलेली. म्हणजे खोळंबा कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचायच्या आधी होता, दुकानातच.

मग टास्क शेड्युलर उघडला. शेवटच्या वेळेचा निकाल: शून्य, काम यशस्वी. आदल्या रात्रीचं तेच, त्याच्या आदल्या रात्रीचंही तेच. लॉग फाइलमध्ये रोज शेवटची ओळ "काम पूर्ण". आणि डेटाबेसमध्ये मात्र न पाठवलेल्या पट्ट्यांची रांग रोज थोडी वाढत चाललेली. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. मेसेज न जाणं समजू शकतं, नेट जातं, सर्व्हर बसतो. पण अर्धं काम टाकून निघालेला प्रोग्राम "झालं" म्हणून सांगतो, तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवणारं सगळं यंत्र आंधळं होतं.

दुवा सापडला तो दोन वेळा शेजारी ठेवल्यावर. एका बाजूला डेटाबेसमधली प्रत्येक रात्रीची शेवटची "पाठवलं" वेळ, दुसऱ्या बाजूला लॉगमधली "बॅकअप पूर्ण" ही ओळ. एका रात्री बॅकअप ९ वाजून १ मिनिट ४३ सेकंदांनी संपला, आणि शेवटची पट्टी ९ वाजून १ मिनिट ४२ सेकंदांची. दुसऱ्या रात्री डिस्क हळू चालली, बॅकअप जवळजवळ मिनिटभर लांबला, तर मेसेजही तेवढेच पुढे सरकले आणि पुन्हा बॅकअपबरोबरच तुटले. शनिवारी रात्री मात्र एकही मेसेज नाही. दिवाणजींना विचारलं, शनिवारी वेगळं काय असतं? ते म्हणाले, "शनिवारी शेठ ती डिस्क घरी घेऊन जातात." डिस्क नाही म्हणजे बॅकअप पहिल्याच क्षणी चूक देऊन परत येणार, आणि त्याच्यापाठोपाठ मेसेजही संपणार.

मेसेज आणि बॅकअप ही दोन कामं एकमेकांशी संबंध नसलेली. तरीही एकाचं आयुष्य दुसऱ्याला बांधलेलं. याचा अर्थ दोन्ही कामं ज्या प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्राममध्ये, चालतात ती प्रोसेस बॅकअप संपताच बंद होत होती.

आता मेन मेथड बघू. मेथड म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, आणि प्रोग्राम जिथून सुरू होतो ती मेथड म्हणजे मेन. तिच्यात चार गोष्टी होत्या. पट्ट्या पाठवणाऱ्या असिंक मेथडला हाक, बॅकअप, लॉगमध्ये "काम पूर्ण", आणि शेवट. पहिल्या हाकेपुढे अवेट, म्हणजे "हे संपेपर्यंत पुढची ओळ नको" असं सांगणारा शब्द, नव्हता, आणि लावायची सोयही नव्हती, कारण मेन ही साधी स्टॅटिक व्हॉइड मेन होती, असिंक नसलेली आणि काहीच परत न करणारी. साध्या मेथडमध्ये अवेट लिहिता येत नाही. हाक मारली, जे परत आलं ते कुणी धरलं नाही, आणि मेन पुढच्या ओळीवर गेली.

असिंक मेथडला हाक मारली की नेमकं काय होतं, हे इथे नीट बघायला हवं, कारण अर्धा गैरसमज इथेच असतो. ती मेथड लगेच वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्राममधल्या कामाच्या दुसऱ्या धाग्यावर, जात नाही. सुरुवातीला ती हाक मारणाऱ्याच्याच थ्रेडवर चालते. डेटाबेसमधून यादी आणणं साध्या पद्धतीने लिहिलेलं होतं, म्हणून ते मेनच्या थ्रेडवरच झालं. पहिल्या पट्टीची विनंती सुटली, उत्तर यायला वेळ होता, तिथे पहिलं खरं अवेट लागलं. त्या क्षणी मेथड मेनच्या हातात एक टास्क देऊन बाजूला झाली. टास्क म्हणजे "काम चालू आहे, संपलं की कळेल" अशी पावती. सर्व्हरचं उत्तर आल्यावर पुढचं काम थ्रेड पूलमधल्या, म्हणजे तयार ठेवलेल्या थ्रेडच्या साठ्यातल्या, एखाद्या थ्रेडवर सुरू होतं: नोंद करणं, पुढची पट्टी, पुन्हा विनंती. तोवर मेन बॅकअपमध्ये गुंतलेली. दोन्ही गाड्या शेजारी धावतात. बॅकअप मिनिट-दीड मिनिटाचा, एकेक मेसेज साधारण सेकंदाचा.

आणि मग मेन संपते. डॉट नेटमध्ये प्रोसेस जिवंत राहते ती पुढच्या फळीतल्या थ्रेडमुळे, ज्यांना फोरग्राउंड थ्रेड म्हणतात. मेनचा थ्रेड त्यातला. थ्रेड पूलमधले सगळे थ्रेड मात्र बॅकग्राउंडचे. शेवटचा फोरग्राउंड थ्रेड संपला की रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालवणारं डॉट नेटचं यंत्र, बॅकग्राउंडच्या थ्रेडना विचारत बसत नाही. ते जिथे असतील तिथे तोडले जातात. चूक उडत नाही, चूक पकडणारं कॅच लागत नाही, शेवटची आवराआवर करणारं फायनली चालत नाही. हमाल पोती चढवत असतानाच ड्रायव्हरने ट्रक काढावा, तसं. काही पोती गाडीत, एक हमालाच्या पाठीवर, बाकी काट्यापाशी.

पाठीवरचं ते एक पोतं म्हणजे दोनदा आलेला मेसेज. बॅकअप संपला त्या क्षणी एका पट्टीची विनंती कंपनीकडे पोचलेली, पण "पाठवलं" ही नोंद व्हायच्या आधी प्रोसेस गेली. दुसऱ्या रात्री तीच पट्टी न पाठवलेल्यांत सगळ्यात वर. पुन्हा मेसेज. जवळजवळ प्रत्येक तुटलेल्या रात्रीमागे असा एक शेतकरी सापडत होता, आणि तो नेहमी दुसऱ्या रात्रीच्या यादीतला पहिला असायचा. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघालं, हे इथे पक्कं झालं.

निकाल शून्य का येत होता, हेही यातूनच कळतं. मेन तिच्या हिशेबाने व्यवस्थित संपली होती. त्याहून वाईट म्हणजे, एखाद्या रात्री नेट गेलं आणि विनंतीने चूक दिली, तरी ती चूक त्या न धरलेल्या टास्कमध्ये पडून राहायची. डॉट नेट ४.० मध्ये अशी न पाहिलेली चूक पुढेमागे प्रोसेस पाडायची. ४.५ पासून तो नियम सैल केला गेला, आता ती मुकाट गिळली जाते. म्हणून लॉगमध्ये तिचा मागमूसही नव्हता.

मग चाचणीत हे सुटलं कसं? त्या मुलाने चाचणी केली नव्हती असं अजिबात नाही. त्याच्या मेनच्या शेवटी आधी आणखी एक ओळ होती: कन्सोलवर एंटर दाबेपर्यंत थांबा. कन्सोल प्रोग्राम लिहिणारे जवळजवळ सगळेच ही ओळ घालतात, म्हणजे काळी खिडकी लगेच मिटत नाही आणि काय छापलं ते वाचता येतं. त्या ओळीने मेनला जिवंत ठेवलं होतं, आणि मेनच्या आडोशाने सगळे मेसेज जात होते. प्रोग्राम बरोबर चालण्याचं कारण एक वाट बघणारी ओळ होती, आणि तिचा हेतू वेगळाच होता.

दुकानात प्रोग्राम बसवल्यावर ती ओळ अडचणीची ठरली. रात्री नऊला मागच्या खोलीत एंटर दाबायला कोण असणार? पहिल्या रात्री सगळे मेसेज गेले, खिडकी उघडीच राहिली. दुसऱ्या रात्री शेड्युलरने पाहिलं, आधीचं काम अजून चालू आहे, आणि नवं सुरूच केलं नाही. शेड्युलरचं मुळातलं सेटिंग तसंच असतं. तीन दिवसांहून जास्त चाललेलं काम तो स्वतः थांबवतो, तेही मुळातलंच सेटिंग, पण तोवर मेसेज बंद. मुलाने लॉग पाहिला, कारण ओळखलं आणि ती ओळ काढली. ते निदान बरोबरच होतं. नेमकी तेव्हा पट्ट्यांची संख्या कमी होती, बॅकअपच्या वेळात सगळे मेसेज बसत होते. सगळं सुरळीत दिसलं. हंगाम चढला, पट्ट्या वाढल्या, आणि बॅकअपची मिनिटं पुरेनाशी झाली.

त्याच्याशी बोलताना मला आणखी एक गोष्ट समजली. तो म्हणाला, "सर, नोडमध्ये असं होत नाही. काम बाकी असेल तर प्रोसेस थांबते." त्याचं म्हणणं खरं आहे. नोडमध्ये इव्हेंट लूपकडे, म्हणजे बाकी कामांची रांग बघणाऱ्या भागाकडे, काही बाकी असेपर्यंत प्रोसेस संपत नाही, म्हणून फाइलच्या तळाशी नुसती हाक मारून सोडली तरी मेसेज जातात. असिंक आणि अवेट हे शब्द दोन्हीकडे सारखे आहेत, म्हणून करारही सारखाच असेल असं वाटतं. तो प्रत्येक भाषेत वेगळा आहे. पायथनमध्ये असिंक फंक्शनला नुसती हाक मारली तर आतलं काम सुरूच होत नाही, ३.७ पासून असिंकआयओ रन हा सरळ दरवाजा दिलेला आहे. रस्टमध्येही फ्यूचर, म्हणजे तिथलं असिंक काम, कुणी हलवेपर्यंत जागचं हलत नाही. डॉट नेटमध्ये काम सुरू होतं पण ते संपेपर्यंत कुणी थांबत नाही, आणि माझ्या मते फसवायला हाच प्रकार सगळ्यात वाईट, कारण थोडं काम होऊन जातं. मुळीच झालं नसतं तर पहिल्याच रात्री कळलं असतं.

दुरुस्तीकडे येऊ. त्या मुलाची पहिली सूचना होती मेनच्या शेवटी पाच मिनिटांची स्लीप टाकायची. मी ती तिथेच थांबवली. बॅकअपची दीड मिनिटं पुरत नव्हती म्हणून आपण इथवर आलो. पाच मिनिटं एप्रिलमधल्या एखाद्या मोठ्या सौद्याला पुरणार नाहीत. वेळेचा अंदाज बांधायचा कशाला, जेव्हा काम संपल्याचं सांगणारी पावती हातात मिळते आहे?

दुसरी सूचना टास्कवर वेट बोलावण्याची. म्हणजे मेनचा थ्रेड टास्क संपेपर्यंत अडवून धरायचा. इंटरनेटवर कुठेही विचारलं तर सांगतात, असिंक कोडवर वेट किंवा रिझल्ट वापरू नका, अडकाल. नियम चांगला आहे, पण कन्सोलच्या मेनमध्ये तो लागू होत नाही, आणि याचं कारण माहीत असावं. अडकण्याचा प्रकार घडतो तो सिंक्रोनायझेशन कॉन्टेक्स्टमुळे, म्हणजे अवेटनंतरचं काम कुठल्या थ्रेडवर आणायचं हे ठरवणाऱ्या व्यवस्थेमुळे. विंडोज फॉर्ममध्ये, म्हणजे खिडक्या-बटणांच्या प्रोग्राममध्ये, अवेटनंतरचं काम पुन्हा पडद्याच्याच थ्रेडवर आणलं जातं. कन्सोल प्रोग्रामला असा कॉन्टेक्स्टच नसतो, पुढचं काम पूलमधल्या कुठल्याही थ्रेडवर चालतं. मेनचा थ्रेड अडवला तरी कुणाची वाट अडत नाही. उलट कुणीतरी थांबायलाच हवं, आणि ते काम मेनचंच.

वेट लावल्यावर त्या रात्रीपासून मेसेज पूर्ण गेले. दोन्ही कामं शेजारी चालवायचीच नव्हती, म्हणून आधी मेसेज, मग बॅकअप असा क्रमही लावला. पण एका रात्री नेट बसलं आणि लॉगमध्ये एवढंच आलं: एक किंवा अधिक चुका घडल्या. कुठली चूक, काही नाही. वेट आतल्या चुकीला अ‍ॅग्रिगेट एक्सेप्शनच्या वेष्टणात घालून देतो, आणि लॉगमध्ये फक्त बाहेरच्या वेष्टणाचा मजकूर लिहिला जात होता. वेटच्या जागी गेटअवेटर आणि त्याच्यापुढे गेटरिझल्ट लिहिलं की थांबणं तेच, पण मूळ चूक उघडी हातात येते. नाव बोजड आहे, आणि ही मेथड खरं तर कंपायलरच्या, म्हणजे कोडचं भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या, वापरासाठी ठेवलेली, पण जुन्या आवृत्त्यांत मेनसाठी तोच बरा मार्ग.

त्यापुढचा मार्ग भाषेने स्वतः दिलेला आहे. असिंक-अवेट सी शार्पमध्ये २०१२ साली, पाचव्या आवृत्तीत आलं, पण तेव्हा मेनपुढे असिंक लिहिलं की कंपायलर सीएस४००९ या क्रमांकाची चूक देऊन अडवायचा. प्रोग्राम सुरू करणारी मेथड रनटाइमला साधीच लागते: ती परत आली म्हणजे प्रोग्राम संपला, एवढाच त्याचा हिशेब. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ७.१ आवृत्ती आली आणि मेनला टास्क किंवा पूर्णांक देणारा टास्क परत करता येऊ लागला. असिंक व्हॉइड मेनला बंदी तशीच राहिली, आणि ते योग्यच आहे, कारण व्हॉइड म्हणजे पावतीच नाही. कशाची वाट बघायची? यात जादू काही नाही. कंपायलर आपल्या मेनच्या अलीकडे एक छुपी साधी मेन तयार करतो, आणि ती आपल्या मेनला हाक मारून गेटअवेटर, गेटरिझल्टवरच थांबते. म्हणजे थ्रेड अडवणं तिथेही आहेच. फरक इतका की तो एकाच ठिकाणी, सगळ्यात वर आणि विसरता न येण्याजोगा आहे. शिवाय मेन स्वतः असिंक झाली की आत एखाद्या असिंक हाकेपुढे अवेट राहिलं तर कंपायलर सीएस४०१४ हा इशारा देतो. तोच इशारा पहिल्या दिवशी डोळ्यांसमोर आला असता, तर हे प्रकरण घडलंच नसतं. म्हणून या प्रोजेक्टमध्ये तो इशारा आम्ही सरळ चूक म्हणून धरायला लावला.

दुकानातल्या कामाच्या कॉम्प्युटरवर व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ होता. तिथे भाषेची आवृत्ती आपोआप ७.० धरली जायची, त्यामुळे असिंक मेन लिहिताच ७.१ लागेल अशी चूक आली. प्रोजेक्टच्या बिल्डच्या प्रगत सेटिंगमध्ये आवृत्ती बदलली, मिटलं.

खरं वजन मी ज्या बदलाला देतो तो म्हणजे परतीचा आकडा. मेन आता पूर्णांक परत करते. सगळे मेसेज गेले तर शून्य, काही राहिले तर एक, डेटाबेसच उघडला नाही तर दोन. बॅकअप फसला तर त्याचा वेगळा आकडा. न पकडलेली चूक आलीच, तर मेन आता खरोखर कोसळते आणि शेड्युलरमध्ये ई०४३४३५२ ने संपणारा लांबलचक आकडा दिसतो. डॉट नेटच्या न पकडलेल्या चुकीची ती ओळखीची खूण. शेड्युलर आता थेट प्रोग्राम न चालवता एक बॅच फाइल चालवतो. ती एररलेव्हल, म्हणजे तोच परतीचा आकडा, तपासते, आणि शून्य नसेल तर बिलिंगच्या फोल्डरमध्ये एक फाइल टाकते. सकाळी दिवाणजींनी बिलिंग उघडलं की तीच सूचना पहिल्या पडद्यावर लाल रंगात येते: इतक्या पट्ट्यांचे मेसेज राहिले. शेतकऱ्याचा फोन यायच्या आधी त्यांना कळतं आणि ते स्वतः फोन लावतात.

यानंतर दुकानाने काउंटरवरच्या बिलिंगमध्ये "आत्ता पाठवा" असं बटण मागितलं. मुलाने तीच लायब्ररी जोडली आणि बटणाच्या क्लिकमध्ये, नुकतंच शिकल्याप्रमाणे, वेट लिहिलं. बटण दाबलं आणि खिडकी गोठली. मेसेज एक गेला, पुढे काही नाही. मघाशी म्हटलेला कॉन्टेक्स्ट इथे आडवा आला. विनंतीचं उत्तर आल्यावर पुढचं काम पडद्याच्या थ्रेडवर यायला बघतं, आणि तो थ्रेड वेटवर बसलेला. तो टास्क संपायची वाट बघतोय, टास्क त्याची वाट बघतोय. दोघंही कायमचे. इथे क्लिकची मेथडच असिंक व्हॉइड करून आत अवेट लावलं. एरवी टाळायचा असिंक व्हॉइड इथे चालतो, कारण इव्हेंटला परतीचा टास्क स्वीकारणारं कुणी नसतं. मात्र आत ट्राय-कॅच हवंच, नाहीतर चूक थेट सॉफ्टवेअर पाडू शकते. लायब्ररीतल्या अवेटना कॉन्फिगर अवेट फॉल्स लावलं, म्हणजे तिला पडद्याच्या थ्रेडची गरजच उरली नाही. एकच मेथड, एकच वेट, आणि कन्सोलमध्ये औषध ठरलेलं फॉर्ममध्ये विष. मेनबद्दल बोलताना लोक हे दोन प्रसंग एकत्र करतात, म्हणून सगळा गोंधळ होतो.

सगळे मेसेज एकदम सोडून टास्क व्हेनऑलवर, म्हणजे सगळे टास्क संपल्याचं सांगणाऱ्या एकाच पावतीवर, थांबावं, अशीही कल्पना निघाली. मी नको म्हटलं. डॉट नेट फ्रेमवर्कच्या अशा प्रोग्राममध्ये एका सर्व्हरकडे एका वेळी मुळात दोनच जोडण्या उघडतात, बाकीच्या विनंत्या रांगेत उभ्या राहतात. आणि एचटीटीपी क्लायंट या विनंत्या पाठवणाऱ्या भागाची १०० सेकंदांची मुदत विनंती सोडल्यापासून मोजली जाते, रांगेतला वेळ धरून. हंगामातल्या रात्री शेपटाकडच्या विनंत्या नुसत्या उभ्या राहूनच मुदत संपून रद्द झाल्या असत्या. मर्यादा वाढवता येते, पण रात्री नऊला घाई कुणाला आहे? एकामागून एक पाठवून पाच-सात मिनिटांत काम संपतं.

दुहेरी मेसेजचा प्रश्न मेन थांबू लागल्यावर जवळपास मिटला, पण पूर्ण नाही. यार्डात लाइट जाते, यूपीएसची बॅटरी जुनी आहे, आणि विनंती व नोंद यांच्या मधल्या सेकंदात कॉम्प्युटर बंद पडला तर तेच पुन्हा होईल. म्हणून पट्टीच्या ओळीत आता तीन अवस्था आहेत: बाकी, पाठवत आहे, पाठवलं. विनंती सोडायच्या आधी "पाठवत आहे" अशी नोंद होते. प्रोग्राम सुरू होताना या अवस्थेतली पट्टी दिसली, तर तो ती स्वतः पुन्हा पाठवत नाही, बाजूला काढतो. सकाळी दिवाणजी मेसेज कंपनीच्या पोर्टलवर तो नंबर शोधतात, पोचला असेल तर "पाठवलं" करतात, नसेल तर शेतकऱ्याला फोन लावून दर सांगतात आणि मगच ती ओळ मिटवतात.